बार्कली घराण्याची वंशावळ: मुलगी असताना किल्ला पुतण्याकडे कसा गेला?

वंशवेल_शोधक

मंडळी, सध्या इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमधल्या बार्कली घराण्याची वंशावळ आणि त्यांच्या मॅनर (म्हणजे गावासकट जहागिरी) कोणाकडून कोणाकडे गेल्या हे जुळवतोय आणि एका जागी पार अडकलोय. १४१७ मध्ये लॉर्ड थॉमस बार्कली वारला, त्याला एकच मुलगी, एलिझाबेथ, आणि तिचा नवरा म्हणजे वॉरिकचा अर्ल रिचर्ड बीचम, केवढं मोठं प्रस्थ. त्या काळी इंग्लंडात मुलगा नसला तर मुलगी वारस व्हायची आणि मुली जास्त असल्या तर सारखी वाटणी व्हायची असं मी सगळीकडे वाचलंय. मग बार्कलीचा किल्ला आणि लॉर्ड ही पदवी थॉमसच्या भावाच्या मुलाकडे, जेम्सकडे, कशी काय गेली? बरं, सगळं पुतण्याकडे गेलं असंही नाही, कारण वॉटन-अंडर-एज ही मॅनर पुढे मुलीच्या वंशजांच्या ताब्यात दिसते आणि त्यावरून १४७० मध्ये निब्ली ग्रीनला चक्क लढाई झाली. ती लढाईसुद्धा एका ठिकाणी १४६९ ची आणि दुसऱ्या ठिकाणी १४७० ची दिलीय, म्हणजे दोन लढाया झाल्या का? ऑनलाइन झाडांमध्ये तर थॉमस आणि मॉरिस इतके आहेत की कोण कोणाचा बाप तेच कळेनासं होतं. कोणी ह्यावर काम केलं असेल तर प्लीज नीट सांगा, घाई नाहीये.

जुनी_दप्तरं

छान विषय घेतलात. तुम्ही वाचलेला नियम बरोबर आहे पण तो कधी लागू होतो, तर जमिनीवर आधी कोणी अटी घालून ठेवल्या नसतील तेव्हा. इथे त्या घातलेल्या होत्या. सगळी मेख १४१७ मध्ये नाही, १३४९ मध्ये आहे.

आधी माणसं लावून घ्या आणि नंबरच्या भानगडीत पडू नका, कारण एकाच थॉमसला कोणी चौथा म्हणतं तर कोणी पाचवा, त्यापेक्षा मृत्यूचं साल नावापुढे लिहा. थॉमस वारला १३६१ मध्ये (दुसऱ्या एडवर्ड राजाचा अंत बार्कलीच्या किल्ल्यात १३२७ मध्ये झाला तेव्हा किल्ल्याचा मालक हाच), त्याचा मुलगा मॉरिस वारला १३६८ मध्ये. मॉरिसचा थोरला मुलगा तुमचा १४१७ वाला थॉमस आणि त्याच्या पाठचा धाकटा जेम्स, जो १४०५ मध्येच गेला. ह्या धाकट्या जेम्सचा मुलगाही जेम्स आणि तोच तो पुतण्या.

आता १३६१ वाल्या थॉमसने १३४९ मध्ये कोर्टात रीतसर दस्त करून किल्ला आणि त्याच्या भोवतालच्या बऱ्याच मॅनर अशा बांधून टाकल्या की आपण जिवंत आहोत तोवर आपल्याकडे, नंतर मुलगा मॉरिस आणि पुढे मॉरिसच्या पुरुष वंशात. पुरुष वंशात हा शब्दच निर्णायक. ह्याला एन्टेल म्हणतात आणि १२८५ च्या कायद्याने असल्या अटींना बळ दिलेलं होतं, म्हणजे मधल्या कोणा मालकाच्या मनात आलं म्हणून त्याने जमीन दुसऱ्याला देऊन टाकावी असं सहजासहजी चालत नसे. १४१७ मध्ये मॉरिसच्या पुरुष वंशात उरला कोण? धाकट्या मुलाचा मुलगा जेम्स. एलिझाबेथ कितीही जवळची असली, सख्खी मुलगी असली, तरी एन्टेलमधल्या जमिनीत ती बसतच नव्हती. पण जी जमीन एन्टेलमध्ये नव्हती तिची वारस मात्र तीच. आणि तिसरा प्रकार लोक हमखास विसरतात, एलिझाबेथची आई मार्गारेट ही स्वतः लाईल घराण्याची वारस होती, किंग्स्टन लाईल वगैरे तिच्या माहेरची मालमत्ता, ती बार्कलींची कधी नव्हतीच, ती सरळ मुलीकडे आली. म्हणजे माणूस एक वारला पण त्याच्या ताब्यातली जमीन तीन वेगवेगळ्या हक्कांची. म्हणून माझं ठाम मत आहे की वंशावळ आधी काढून मग त्यात मॅनर कोंबू नयेत, प्रत्येक मॅनरचा प्रवास वेगळा काढावा, मग झाड आपोआप उभं राहतं.

भांडण पेटलं ते कुठली मॅनर एन्टेलमध्ये आणि कुठली बाहेर ह्यावरून. बाप गेल्यावर किल्ला आणि त्यातले कागदपत्र एलिझाबेथच्या हाती लागले आणि हक्काचा पुरावाच समोरच्याकडे असल्यावर जेम्सने करायचं काय, राजदरबारी मोठ्या माणसाचा आधार शोधणं एवढंच उरलं. १४२१ मध्ये त्याला लॉर्ड बार्कली म्हणून पार्लमेंटचं बोलावणं आलं. एलिझाबेथ १४२२ मध्ये वारली तरी वॉरिकने हक्क सोडला नाही, शेवटी लवादाने वॉटन आणि आणखी काही मॅनर त्याच्याकडे हयातभर ठेवल्या. तो १४३९ मध्ये गेला आणि एलिझाबेथच्या तिन्ही मुलींनी परत दावा लावला.

नकाशे_आणि_मॅनर

वरचा प्रतिसाद एकदम मुद्देसूद. त्या तीन मुलींपैकी मार्गारेट ही सर्वात जिद्दी, तिचा नवरा जॉन टॅलबॉट, श्रूसबरीचा पहिला अर्ल, फ्रान्समधल्या लढायांमुळे नावाजलेला. ही भाऊबंदकी किती खालच्या थराला गेली बघा, जेम्सची बायको इझाबेल (नॉरफकच्या ड्यूकची मुलगी, मोब्रे घराण्यातली) नवऱ्याची बाजू मांडायला झटत होती तर मार्गारेटने तिला ग्लॉस्टरमध्ये कैदेत टाकलं आणि १४५२ मध्ये ती कैदेतच वारली. वंशावळीत तिच्या नावापुढे नुसतं एक साल येतं, त्यामागे हे सगळं आहे. मार्गारेटचा नवरा आणि मुलगा दोघंही १४५३ मध्ये कास्तियोंच्या लढाईत एकाच दिवशी पडले, मग दावा नातवाकडे आला, थॉमस टॅलबॉट, व्हायकाउंट लाईल. हाच निब्ली ग्रीनला मारला गेला. समोर होता जेम्सचा मुलगा विल्यम बार्कली.

तारखेचं म्हणाल तर लढाई एकच, २० मार्चची. तेव्हा इंग्लंडात सरकारी हिशोबाचं वर्ष १ जानेवारीला नाही तर २५ मार्चला बदलायचं, म्हणजे लढाईच्या दिवशी त्यांच्या लेखी १४६९ च चालू होतं, नवं वर्ष पाच दिवसांवर आलेलं. आजच्या हिशोबाने १४७०. १ जानेवारी ते २४ मार्च ह्या मधली कुठलीही जुनी तारीख दिसली की १४६९/७० असं दोन्ही लिहायची सवय लावून घ्या, नाहीतर बाप मेल्यावर दीड वर्षाने पोर जन्मलं असले प्रकार झाडात घुसतात. आणि मूळ कागदावर बहुतेक वेळा इसवी सन नसतंच, राजाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. चौथा एडवर्ड ४ मार्च १४६१ ला गादीवर आला म्हणून २० मार्च १४७० हा त्याच्या १० व्या वर्षात येतो.

पार्चमेंटप्रेमी

कागदांबद्दल थोडं. राजाकडून थेट जमीन धरणारा माणूस वारला की त्या काउंटीचा एस्चीटर नावाचा अधिकारी गावातल्या लोकांची ज्युरी बसवून चौकशी करायचा, कोणती जमीन, कोणाकडून आणि कुठल्या अटींवर धरलेली, किती उत्पन्न, वारस कोण आणि त्याचं वय काय. हे इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेम. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये ते ठेवलेले आहेत, इंग्रजी सारांशही छापलेले आहेत. एन्टेलची माहिती बरेचदा ह्यातच मिळते कारण ज्युरीसमोर दस्त दाखवला जायचा. फक्त वयावर डोळे झाकून विश्वास टाकू नका, "३० आणि त्याहून जास्त" असं मोघम लिहिलेलं असतं आणि दोन काउंटींच्या चौकशीत एकाच वारसाची दोन वयं सापडतात.

१३४९ सारखे दस्त बघायचे तर फीट ऑफ फाइन्स, म्हणजे जमिनीच्या व्यवहारांच्या कोर्टात राहिलेल्या प्रती. मला व्यक्तिशः हे सगळ्यात जास्त आवडतात. चामड्याच्या एकाच तुकड्यावर तोच मजकूर तीन वेळा लिहायचा, वरचे दोन दोन पक्षांना आणि खालचा पायाकडचा कोर्टाकडे, आणि तुकडे नागमोडी कापायचे म्हणजे खोटा दस्त आणला तर कडा जुळायच्या नाहीत. ११९५ पासून ही तीन प्रतींची पद्धत आहे. पक्षांचे तुकडे हरवले, जळले, पण कोर्टातले पाय राहिले. मॅनर कधी हलली ह्याचा इतका भक्कम पुरावा क्वचितच मिळतो.

वंशवेल_शोधक

तिघांचेही खूप आभार, एकदम उजेड पडला. अजून दोन गोष्टी विचारतो. विल्यमने लढाई जिंकली तर मग १४९२ नंतर किल्ला राजाकडे कसा दिसतो, आणि तोही साठेक वर्षं? आणि झाडाच्या अगदी वर, बाराव्या शतकात, मला दोन बार्कली घराणी दिसतायत, ती एकच का?

जुनी_दप्तरं

वरचं आधी. ती घराणी दोन आणि वेगळी. आधीचे रॉजर डी बार्कली, त्यांच्याकडून बार्कली काढून ब्रिस्टलच्या रॉबर्ट फिट्झहार्डिंगला दिलं गेलं, ११५३ च्या सुमाराला, दुसऱ्या हेन्रीच्या पाठिंब्यामुळे. कटुता मिटावी म्हणून दोन लग्नं ठरली, रॉबर्टचा मुलगा मॉरिस आणि रॉजरची मुलगी अ‍ॅलिस, आणि उलट बाजूने रॉजरच्या मुलाला रॉबर्टची मुलगी. जुन्या घराण्याकडे डर्स्ली राहिलं. नवीनवाल्यांनी नाव बार्कलीच घेतलं म्हणून ऑनलाइन झाडांमध्ये दोघांची सर्रास खिचडी होते. तुमची शाखा फिट्झहार्डिंगची.

आता विल्यम. त्याच्या मागे मुलं उरली नव्हती आणि धाकट्या भावाने, मॉरिसने, ब्रिस्टलच्या व्यापारी घरातली मुलगी केली हे त्याला रुचलं नाही असं सांगतात. पदव्यांची हावही होतीच, व्हायकाउंट, मग अर्ल, मग १४८९ मध्ये मार्क्वेस. त्याने किल्ला आणि जमिनी सातव्या हेन्रीला आणि हेन्रीच्या पुरुष वंशाला लिहून दिल्या, भाऊ बाहेर. पण बघा, इथेही पुरुष वंश. हेन्रीचा पुरुष वंश सहाव्या एडवर्डबरोबर ६ जुलै १५५३ ला संपला आणि त्याच अटीने सगळं परत आलं मॉरिसच्या पणतूकडे, हेन्री बार्कलीकडे, जो बाप वारल्यावर १५३४ मध्ये जन्मला होता. तेव्हा तो १९ वर्षांचाही नव्हता.

नकाशे_आणि_मॅनर

आणि टॅलबॉटच्या बाजूचं राहिलं. निब्ली ग्रीनला पडलेल्या लाईलला मूल नव्हतं, त्याची बहीण एलिझाबेथ ग्रे घराण्यात दिलेली, तिची मुलगी डडली घराण्यात, तिथून पुढे सिडनी घराण्यात, असा तो दावा बायकांच्या बाजूने चालत राहिला आणि शेवटचा समझोता झाला १६०९ मध्ये, रॉबर्ट सिडनी, व्हायकाउंट लाईल, आणि बार्कली ह्यांच्यात. १४१७ पासून मोजलं तर १९२ वर्षं. तुम्ही वॉटनचा माग काढताना बार्कलींच्या झाडाबरोबर लाईल, ग्रे, डडली, सिडनी ही रांगही शेजारी ठेवा, अध्येमध्ये ताबा कोणाचा होता ते त्याशिवाय लागणार नाही.