सेटवर फॉर-ईच चालवलं तर क्रमांकाच्या जागी पुन्हा नावच येतंय

रामबागवाली:
नमस्कार. इंदूरला आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची नावनोंदणी यंदा मी वेबपानावर आणलीय. इतकी वर्षं ती काकांच्या वहीत असायची, एक नाव कधी चुकलं नाही, म्हणून हे नीट व्हायलाच हवं. प्रत्येक घर आपली वस्ती लिहितं. वस्ती एकेकदाच दिसावी म्हणून जावास्क्रिप्टच्या सेटमध्ये, म्हणजे एक नाव एकदाच ठेवणाऱ्या संचात, टाकल्या. आधी नेहमीचा, लेंग्थपर्यंतचा फॉर लूप लावला. पान कोरं, कन्सोलमध्ये एररही नाही. मग फॉर-ईच (प्रत्येक नावासाठी एकदा चालणारं फंक्शन) लावलं आणि दुसरं पॅरामीटर क्रमांक समजून छापलं, तर "रामबाग. रामबाग", "सुदामानगर. सुदामानगर". शिवाय रामबाग दोनदा! सेटमध्ये दोनदा कसं येईल?

जुनाकोडर:
ताई, सेटला लेंग्थ नाही, साइझ असते. नसलेली लेंग्थ विचारली की अनडिफाइंड मिळतं, आणि शून्य अनडिफाइंडपेक्षा लहान आहे का, याचं उत्तर फॉल्स. म्हणून लूप एकदाही फिरला नाही आणि एररही आली नाही. सेटला इंडेक्सही नसतो. मॅप म्हणजे की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांचा साठा, त्याचं फॉर-ईच व्हॅल्यू आणि की देतं. सेटचं त्याच्याशी जुळावं म्हणून इथे तीच व्हॅल्यू दोनदा मिळते. नुसती नावं हवीत तर फॉर-ऑफ लूप. क्रमांक हवा तर स्प्रेडनं (तीन टिंबांनी) सेटचा ॲरे, म्हणजे क्रमांकांची यादी, करून घ्या. क्रम टाकला तसाच राहतो. दोन्ही रामबागची लेंग्थ छापून बघा.

रामबागवाली:
एकाची ६, दुसऱ्याची ७! शेवटी स्पेस आहे, मोबाइलचा कीबोर्ड शब्द सुचवताना सोडतो ती. लूपमध्येच प्रत्येक नाव डिलीट करून ट्रिम केलेलं (कडेच्या स्पेस काढलेलं) ॲड केलं, तर टॅबच गोठला.

सराफ्याजवळचा:
लूप चालू असताना ॲड केलेलं नाव शेवटी जातं आणि लूप तिथेही पोचतो. तुम्ही स्वच्छ नावही काढून परत टाकताय. जेवून उठलेला प्रत्येक जण पुन्हा शेवटच्या पाटावर येऊन बसला तर पंगत उठणार कधी? ट्रिम सेटमध्ये टाकण्याआधी करा. आणि आपल्याकडे हिंदी कीबोर्डवाले बरेच, तेव्हा नॉर्मलाइझही लावा, ते एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करतं. "बड़ा गणपती"मधला नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ड एका कोडपॉइंटचा, म्हणजे युनिकोडमधल्या एका क्रमांकाचा, असतो किंवा ड आणि नुक्ता असा दोनांचा. डोळ्यांना एकच, सेटला दोन.

रामबागवाली:
दोन्ही लावलं. रामबाग एक, बड़ा गणपतीही एक. नुक्त्याशिवाय "बडा" लिहिणारी दोन घरं तेवढी वेगळी दिसताहेत, त्यांना आज संध्याकाळी फोन करते. दादा, दोघांचेही मनापासून आभार.