मदत हवी आहे: बोरिंगचं पाणी गावाने मिळून कसं वापरायचं?

नमस्कार मंडळी, राहतो इंदूरला पण शेती देपालपूरकडे, बटाटा-लसूण-गहू. माळव्याला 'डग डग रोटी पग पग नीर' म्हणायचे, आता फेब्रुवारीतच मोटर हवा ओढते. शेजाऱ्याने बोर खोल नेला की आमचा आटतो, मग आम्ही अजून खोल, पण खाली काळा पाषाण, पाणी काय ते भेगांमधलं, तेच सगळे मिळून उपसतोय.

आता आठ-दहा घरं एकत्र बसायला तयार झालीयेत (हेच खूप झालं!). महाराष्ट्रातल्या हिवरे बाजार गावात पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, कुठलं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं, शेतीसाठी बोर बंदच. आमच्याकडे अर्धे म्हणतात माझी जमीन माझं पाणी. देवासकडचे शेततलाव सगळ्यांना पटले, पण नुसत्या तलावाने उपसा थोडीच कमी होणार?

कुणी प्रत्यक्ष केलंय का असं? विहिरींची पातळी कोण मोजतं, कितीदा? नियम मोडणाऱ्याचं काय करता, आणि ज्याच्याकडे बोरच नाही त्याचा हिस्सा कसा धरता? लसणाची लावणी व्हायच्या आत ठरवायचंय, प्लीज सांगा.