तीन दिवसांची क्लब रेस: शुक्रवार संध्याकाळनंतर गाडीला पाना लावावा का?

सहावा_गिअर
महाराष्ट्रातून बरेच जण रेसची मोटरसायकल टेम्पोत चढवून चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर (आधीचा मद्रास मोटर रेस ट्रॅक) जातात. शुक्रवारी सराव, शनिवारी क्वालिफाइंग (स्टार्टची जागा ठरवणारं सेशन) आणि पहिली रेस, रविवारी दुसरी, असं धरून चालू. माझं स्पष्ट मत: शुक्रवार संध्याकाळनंतर सेटिंगला हात लावू नये. दोन्ही रेसमध्ये पदक आणणारे बहुतेक याच शिस्तीचे असतात.

हिशेब बघा. ट्रॅक 3.7 किमीचा. लॅप दोन मिनिटांची धरली तर सरासरी वेग सेकंदाला सुमारे 31 मीटर. प्रत्येक लॅपला अर्धा सेकंद गेला की सहा लॅपमध्ये तीन सेकंद, म्हणजे नव्वदेक मीटर. हा अर्धा सेकंद स्प्रिंगमध्ये नसतो. रायडर ब्रेक कधी इथे, कधी दहा मीटर अलीकडे मारतो, तिथे तो जातो. आणि रोज प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) बदलला तर ब्रेकची खूण पक्की होणार कशी? गाडी दर सेशनला नवीच वाटते.

त्यामुळे सॅग (वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते) घरूनच मोजून या: रायडर पूर्ण गिअरमध्ये बसलेला, मागे 25 ते 35 मिमी, पुढे 30 ते 40. ब्रेक फ्लुइड नवीन घाला. साधं डॉट 4 ओलावा शोषतं. नवीन असताना त्याचा उकळबिंदू किमान 230 अंश, ओलावा शिरला की 155 पर्यंत उतरू शकतो. ब्रेक लिव्हर चौथ्या लॅपला हँडलच्या ग्रिपपर्यंत येतो तो बऱ्याचदा यामुळेच, आणि लोक पॅडला दोष देतात.

डांबर_५५
सहमत नाही. सेटिंग गोठवायचं म्हणता, पण ट्रॅक गोठलेला असतो का? सकाळी आठला आणि दुपारी दोनला तिथलं डांबर म्हणजे दोन वेगळे ट्रॅक.

हवेचंच घ्या. 30 अंशांना 28 पीएसआय भरली आणि टायरच्या आतली हवा 70 अंशांवर गेली, तर प्रेशर 33.6 होतं. तीच हवा 85 अंशांवर गेली तर 35.7. दोन पीएसआयचा हा फरक मागचा टायर दुपारी सुटायला पुरेसा आहे. रायडर म्हणतो ‘ग्रिप गेली’, पण प्रेशर कोणी मोजलेलंच नसतं. थंड आकड्यावर भरवसा ठेवू नका. सेशन संपवून पिटमध्ये आल्या आल्या, हेल्मेट काढायच्या आधी, गरम प्रेशर मोजा आणि लिहा. गेज तीनही दिवस एकच वापरा, दोन गेज सहज एक पीएसआयचा फरक दाखवतात. आणि पॅडॉकमध्ये (गाड्या तयार करायच्या जागेत) टायर उन्हात ठेवून ‘थंड’ प्रेशर भरणं तर सरळ चूक. एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला सावली, तो आकडा कशाचाच नाही.

चेन_स्प्रॉकेट
दोघांनीही गिअरिंग, म्हणजे चेनच्या पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटच्या दातांचं प्रमाण (रेशो), सोडलं, आणि लहान सिंगल सिलिंडर क्लासमध्ये रेस बऱ्याचदा तिथेच फिरते.

पहिल्या पिढीच्या केटीएम आरसी 390 ला पुढे 15, मागे 45 दात, रेशो 3.00. मागे 46 केले की 3.07, फरक सव्वादोन टक्के. पुढे 14 केले तर 3.21, फरक सात टक्के. म्हणजे पुढचा एक दात मागच्या तीन दातांइतका. घाईत पुढचा बदलून ‘जरासा फरक केला’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

लोक एकट्याने मारलेल्या लॅपवरून गिअरिंग ठरवतात. सहाव्या गिअरमध्ये लिमिटर (इंजिनला कमाल फेऱ्यांवर अडवणारा) नेमका ब्रेकच्या खुणेवर लागला की खूश. रेसमध्ये मात्र समोरच्याच्या मागे हवेचा अडसर कमी होतो, वेग वाढतो आणि लिमिटर सत्तर-ऐंशी मीटर आधीच लागतो. ओव्हरटेकची वेळ आली आणि गाडी तिथेच अडकली! म्हणून क्वालिफाइंगचं गिअरिंग शनिवारी दुपारी बदलावं लागलं तर बदला. सहावा_गिअर यांचा नियम इथे टिकत नाही.

फक्त एक सांभाळा. मागे एक दात वाढला की त्याच चेनला चाक साधारण 4 मिमी पुढे घ्यावं लागतं. मग चेनचा सैलपणा पुन्हा मोजा, आणि चाक फिरवून जिथे चेन सगळ्यात ताठ येते तिथे मोजा.

सहावा_गिअर
हवा आणि स्प्रॉकेटबद्दल मागे घेतो. दोन्ही मोजता येतात, पुन्हा होतं तिथे आणता येतात. माझा आक्षेप डॅम्पिंग (सस्पेन्शनची हालचाल किती मंद करायची ते) आणि राइड हाइट (गाडीची उंची) बदलण्यावर कायम आहे. एका संध्याकाळी कॉम्प्रेशन (दबतानाचं डॅम्पिंग) दोन क्लिक, रिबाउंड (परत वर येतानाचं) तीन, पुढचा फोर्क 4 मिमी वर, हे सगळं एकदम केलं तर लॅप सुधारली तरी कशामुळे सुधारली ते कळत नाही.

डांबर_५५
एकदम करू नयेच. पण लक्षण दिसत असताना गप्प बसणंही चूक. सलग खडबडीत भागावर मागचं सस्पेन्शन प्रत्येक धक्क्याला खाली खाली बसत जात असेल तर रिबाउंड फार मंद आहे, एक क्लिक मोकळा करा. कॉर्नरमधून निघताना गाडी बाहेर पळत असेल तर मागचा भाग दबून पुढचं चाक हलकं होतंय, मागचा प्रीलोड अर्धा फेरा वाढवा. एका वेळी एकच, आणि आधीचा आकडा टेपवर लिहून टाकीला चिकटवा. पहिल्या पिढीच्या आरसी 390 च्या फोर्कला ॲडजस्टरच नाहीत. तिथे तेलाची ग्रेड आणि पातळी एवढंच हातात, आणि ते काम ट्रॅकवर करायचं नाही. इतकं तुमचं मान्य.

ग्रिड_पंधरा
तुमची चर्चा चांगली आहे, पण सहा लॅपच्या रेसमध्ये पहिल्या कॉर्नरला तुम्ही कितवे पोहोचता हे या सगळ्यापेक्षा मोठं. सस्पेन्शनवर दोन तास घालवणारे स्टार्टचा सराव दहा मिनिटंही करत नाहीत.

करतात तेव्हा सलग आठ-दहा स्टार्ट मारून क्लच भाजतात. प्लेट तापल्या की केबलचं फ्री प्ले (लिव्हरची मोकळी हालचाल) बदलतं, आणि खऱ्या स्टार्टला क्लच वेगळ्याच जागी पकडतो. दोन स्टार्ट, मग एक पूर्ण लॅप फिरून गार होऊ द्या, मग पुन्हा दोन. शेवटी लिव्हरच्या टोकाशी फ्री प्ले तपासा.

चेन_स्प्रॉकेट
याला जोड म्हणून: शनिवारी पडलात तर रविवारच्या रेसआधी एक गोष्ट हमखास राहते. पडल्यावर हँडलची उजवी ग्रिप आत ढकलली जाते आणि थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरच्या) आवरणावर घासते. थ्रॉटल जागेवर बंद होतेय असं वाटतं, पण हँडल पूर्ण वळवल्यावर अर्धवट उघडी राहते. ग्रिपच्या दोन्ही टोकांना 2 मिमी तरी फट ठेवा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून सोडून बघा. ब्रेक लिव्हर, क्लच लिव्हर, फूटपेग, गिअर लिव्हर हे जास्तीचे न्याच, पण त्यांचे बोल्टही न्या. फूटपेग असतो आणि बोल्ट नसतो, म्हणून रेस हुकते.

सहावा_गिअर
हे सगळं मान्य. स्टार्टच्या बाबतीत मात्र एक विचारतो, ग्रिड_पंधरा: दोन स्टार्टनंतर पूर्ण लॅप म्हटलंत, तर शुक्रवारच्या पंधरा मिनिटांच्या सेशनमध्ये ब्रेकच्या खुणा कधी पक्क्या करायच्या?

ग्रिड_पंधरा
खुणा सेशनमध्येच पक्क्या करा, स्टार्ट मारा सेशनच्या शेवटी, चेकर्ड फ्लॅगनंतरच्या (सेशन संपल्याच्या झेंड्यानंतरच्या) लॅपमध्ये. आयोजकांनी जागा ठरवून परवानगी दिली असेल तरच. ब्रीफिंगला हे आधी विचारून घ्या, ट्रॅकवर मध्येच थांबलात तर मागून येणारा तुमच्यावर आदळेल.