वर्गातल्या चर्चेतून मुलांना स्वतःची जबाबदारी कशी उमगेल?

तासिका_तत्त्वावर:

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, सीएचबीवर, म्हणजे तासांप्रमाणे मानधनावर. यंदा नव्या शैक्षणिक धोरणातला दोन क्रेडिटचा मूल्यवर्धित पेपरही माझ्याकडे आलाय, म्हणजे चर्चा घ्यायला तास मिळतात.

अंतर्गत गुणांसाठी संसदेवर चार पानं लिहून आणायला सांगितली होती. गठ्ठा तपासायला बसले, तर एकामागून एक पेपरात लोकसभेच्या जागा 534. कुणा एकाने 543 चे 534 केले आणि ते वर्गभर फिरले. विचारलं तर म्हणतात, "मॅडम, ग्रुपवर आलं होतं." "त्याने पाठवलं म्हणून." "सगळ्यांनीच तेच लिहिलंय."

ही मुलं वाईट नाहीत. गावातल्या जत्रेत हीच पोरं रात्र-रात्र पार्किंग सांभाळतात. पण कॉलेजात केलेलं काहीच त्यांना आपलं वाटत नाही. नुसतं रागावले तर माना खाली जातील आणि विषय तिथेच मिटेल. चर्चा ठेवली तर ठरलेले चौघेच बोलतात, तेही स्पर्धेतल्या भाषणासारखं, आणि बाकीचे घंटेची वाट बघतात. कुणी अशी चर्चा खरोखर घेतली असेल, तर नेमकं काय केलं ते सांगा.

बी_कॉम_पुणे:

सरसकट शून्य द्या. नोकरीत असं केलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. चर्चा कसली करायची त्यात?

सह्याद्रीपलीकडे:

शून्य द्यायचा अधिकार ताईंना आहेच. पण त्याने एवढंच होईल की पुढच्या वेळी आकडा दुरुस्त करून उतरवतील.

ताई, मीही राज्यशास्त्राचाच, निवृत्त झालो. माझं सांगणं असं, की सुरुवात मुलांच्या चुकीपासून करू नका. आपल्यावर बोट आहे हे कळलं की माणूस सावध होतो, विचार करत नाही. लांबचं, पण खरं प्रकरण घ्या, ज्यात दोषी कोण हे पटकन ठरत नाही.

मी अरियालूर घ्यायचो. नोव्हेंबर 1956. तेव्हाच्या मद्रास राज्यात पुराने पुलापाशी रूळ खचले, एक्स्प्रेस नदीत गेली, शंभरावर माणसं दगावली. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला. त्याच वर्षी महबूबनगरच्या अपघातानंतरही त्यांनी तो दिला होता, तेव्हा नेहरूंनी स्वीकारला नव्हता. या वेळी स्वीकारला, आणि संसदेत स्पष्ट सांगितलं, की शास्त्रींचा दोष आहे म्हणून नव्हे, घटनात्मक संकेताचा पायंडा पडावा म्हणून.

एवढं सांगून मी गप्प बसायचो. हे फार महत्त्वाचं. पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने अर्ध्या कागदावर दोन ओळी लिहायच्या: राजीनामा द्यायला हवा होता का, आणि का. मराठीतच लिहू द्या. मग वाचायला सुरुवात शेवटच्या बाकापासून. लिहिलेलं वाचायला लाजरी पोरगीही उभी राहते, आणि तुमचे चौघे आपोआप ऐकणारे होतात.

दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, "पूर आला, त्यात मंत्र्याचा काय संबंध?" दुसरा म्हणायचा, "राजीनाम्याने माणसं परत आली का?" दोन्ही खरं आहे, दोन्ही फळ्यावर लिहा. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, तो पूल बघायला नेमलेला माणूस कोण होता?" तिथून तास वेगळाच झाला. मग आम्ही फळ्यावर खालपासून वरपर्यंत उतरंड मांडली. रुळांवर गस्त घालणारा, इंजिन चालवणारा, पुलाची तपासणी करणारा, पैसे मंजूर करणारा, मंत्री. प्रत्येकापुढे एकच प्रश्न: याच्या हातात त्या वेळी काय होतं? दोष कुणाचा, हे विचारायचंच नाही. हातात थोडं असलं तरी ते थोडं त्याचंच, हे मुलांना तुम्ही न सांगता दिसतं.

आणि मग, त्याच फळ्यावर, 534 लिहा. हा आकडा पेपरात येईपर्यंत कुणाकुणाच्या हातून गेला? लिहिणारा, ग्रुपवर टाकणारा, न वाचता उतरवणारा. नावं घेऊ नका. मुलं तुमच्यावरही येतील, "मॅडम, प्रश्नच गाइडमधून उतरवण्यासारखा होता" म्हणतील. तेही लिहा. शेवटी आता काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या. मात्र ठरेल ते पाळायची तुमची तयारी नसेल तर हे विचारूच नका. नुसती चर्चा म्हणून सोडलीत, तर मुलं चांगलं बोलायला शिकतील, दुसरं काही नाही.

टीवाय_दूधवाला:

मी विद्यार्थी आहे, तरी लिहितो. पहाटे धारा काढून, डेअरीवर दूध घालून मग एसटी पकडतो. एसटी गेली की पहिला तास बुडतो. मग 75 टक्के हजेरीवरून सगळ्यांसमोर "बेजबाबदार" ऐकायचं. घरी वडील आजारी असल्यापासून जनावरं, सोसायटीचा हप्ता, बहिणीची फी मीच बघतो. मॅडम, चर्चेच्या आधी कोण काय सांभाळून येतं ते एकदा विचारा. पण तोंडी नको, चिठ्ठीवर, नाव न घालता. मग जबाबदारी शब्द काढलात तर आम्हाला तो टोमणा वाटणार नाही.

मनाचा_तास:

वरच्या मुलाचं म्हणणं आधी करा, बाकी नंतर.

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून एक भर. माणूस हुकूम कुठवर पाळतो, हे बघणारे मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमचे अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले प्रयोग 1961 मध्ये सुरू झाले. शास्त्रज्ञ सांगतो म्हणून पलीकडच्या माणसाला विजेचा झटका द्यायचा. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. गाजलेल्या प्रयोगात 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले. "जबाबदारी माझी" असं शास्त्रज्ञाने म्हटलं की पुढचं बटण दाबलं जायचं. हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच मालिकेत एकदा शेजारी बसवलेल्या दोघांनी मध्येच नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे 40 पैकी फक्त 4 उरले. सोबतच्याने नाही म्हटलं की माणसाला आपणही नाही म्हणू शकतो हे दिसतं.

तुमच्या वर्गात कुणीतरी 543 लिहिलं असणारच. त्यांचं कौतुक करू नका, पोरं त्यांना चिडवतील. "ग्रुपवर आलेलं असूनही न उतरवणाऱ्याने काय केलं असेल?" असं मोघम विचारा. उत्तर त्यांच्यातूनच येऊ द्या.

तासिका_तत्त्वावर:

सगळ्यांचे आभार, आणि दूधवाल्या दादाचे विशेष. चिठ्ठ्या उद्याच घेते. गुरुवारी सलग दोन तास आहेत, एकात अरियालूर, दुसऱ्यात 534. या लेखनाचे 10 गुण माझ्याच हातात आहेत, विभागप्रमुखांनाही कल्पना दिली आहे. सर, एकच शंका. "आहेत तेच गुण द्या" असं मुलांनी बहुमताने ठरवलं तर?

सह्याद्रीपलीकडे:

बहुमत घ्यायचंच नाही. हात वर करून ठरवलं की पुन्हा "सगळ्यांनीच" सुरू. प्रत्येकाने स्वतःपुरतं लिहून द्यावं: मी काय करणार, कधीपर्यंत, खाली सही. कुणी "आहे तेच राहू द्या" लिहिलं तर तेही स्वीकारा, आणि उतरवलेल्या लेखनाला पडतात तेवढेच गुण द्या. मात्र हे कागद वर्गातच लिहून घ्या. घरी नेले तर तेही ग्रुपवर येतील.