'गन्सल'ला मराठीत काय म्हणाल?

चकवाचांदण:
'द माल्टीज फाल्कन'ची (१९४१) मराठी सबटायटल्स करतोय, घरच्या घरी. पक्ष्याच्या मौल्यवान पुतळ्यामागे लागलेल्या गटमनच्या हॉटेलच्या खोलीत गुप्तहेर सॅम स्पेड भडकतो, ग्लास फोडतो आणि बजावतो, की तुमचं ठरेपर्यंत या 'गन्सल'ला माझ्यापासून लांब ठेवा, नाहीतर मारून टाकीन. रोख विल्मरवर, म्हणजे गटमनच्या त्या पिस्तुलं बाळगणाऱ्या पोरावर. मी 'पिस्तुल्या' लिहिलंय. चालेल?

जुनाटपुस्तक:
नाही चालणार. इथेच सगळे फसलेत. या शब्दाचा 'गन'शी संबंध नाही. मूळ यिडिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतलं, अर्थ हंसाचं पिल्लू. अमेरिकेतल्या भटक्यांच्या बोलीत थोराड पुरुषाने शय्येसाठी जवळ ठेवलेला पोरगा म्हणजे गन्सल. मूळ कादंबरी डॅशिएल हॅमेटची, आधी 'ब्लॅक मास्क' मासिकात आलेली. तिथला संपादक जोसेफ शॉ अश्लील शब्द कापायचा. असं सांगतात, की हॅमेटने त्याला चकवायला हा शब्द घातला आणि शॉला वाटलं, बंदूकवाला असणार. पुढे सिनेमाच्या सेन्सॉरनेही तो तसाच जाऊ दिला. आपल्याकडे 'पिल्लू सोडणं' म्हणतात, ते याने शब्दशः केलं!

चकवाचांदण:
बाप रे. म्हणजे 'पिस्तुल्या' लिहिलं तर मीही शॉच.

जुनाटपुस्तक:
तसंच. पण गंमत अशी, की इतक्या लोकांनी चुकीचा अर्थ धरला, की पुढे कोशांत 'बंदूकधारी गुंड' हाही अर्थ आला. चूक म्हणावी तरी कशी?

मधलीवेलांटी:
आपला 'पंटर' घ्या ना. मूळ इंग्रजीत पैज लावणारा. मुंबईत तो भाईच्या हाताखालचा पोरगा झाला. घोडा, पत्ते सगळं मागे राहिलं. विल्मरला 'पंटर' म्हटलं तर कामाचा अर्थ नीट बसतो, फक्त शिवी उरत नाही.

औरंगाबादी:
'लौंडा' लिहा. आमच्याकडे दखनीत तो नुसता पोरगा, पण ज्याला दुसरा अर्थ ठाऊक आहे तो बरोब्बर दचकतो. मूळ शब्दाचं कामही तेच होतं.

चकवाचांदण:
आजी बसणार आहे बघायला.

मधलीवेलांटी:
मग तर 'लौंडा'च! आजीला पोरगा ऐकू येईल, तुम्हाला बाकीचं.

जुनाटपुस्तक:
मलाही पटतंय. शिवाय शेवटाकडे बघा. पोलिसांच्या हवाली करायला एक बळीचा बकरा हवा म्हणून स्पेड विल्मरचं नाव सुचवतो. गटमन आधी म्हणतो, हा मला पोटच्या मुलासारखा आहे. मग तो पक्ष्याचा पुतळा डोळ्यांसमोर येतो आणि हा ढोल्या हिशोब करतो, की मुलगा गेला तर दुसरा मिळेल, माल्टीज फाल्कन एकच आहे. 'पोटच्या मुलासारखा' या शब्दांखाली काय लपलंय, ते 'गन्सल'चा अर्थ कळल्याशिवाय लागत नाही. तिथे 'पंटर' वाचून आलेला माणूस नुसता मालक-नोकर बघेल.

चकवाचांदण:
ठरलं, लौंडा. आता 'फॉल गाय'ला 'बळीचा बकरा' बरा की 'मुर्गा'?

औरंगाबादी:
मुर्गा फसवला जातो, बकरा कापला जातो. विल्मरला कापायचंय.