मदत हवी आहे : यूव्ही प्रक्रियेनंतरही सांडपाण्यात संसर्गक्षम विषाणू उरतात का?

नमस्कार. पुण्यातील आमच्या सोसायटीच्या एसटीपीमधून, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून, निघणारे प्रक्रिया केलेले पाणी फ्लशसाठी आणि बागेसाठी वापरले जाते. पूर्वी शेवटच्या टाकीत हायपोक्लोराइट (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) टाकले जात असे, परंतु वासाच्या तक्रारी आल्यामुळे गेल्या वर्षी समितीने ते बंद करून अतिनील किरणांचे, म्हणजे यूव्हीचे, युनिट बसवले. तेव्हापासून प्रत्येक अहवालात फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जीवाणू) नगण्य येतात, म्हणून पाणी निर्धोक आहे असे समिती म्हणते. मला ते पटत नाही. बागेत तुषार सिंचन आहे आणि संध्याकाळी लहान मुले त्या हिरवळीवरच खेळतात.

अडचण अशी की कोलिफॉर्म हे जीवाणू आहेत आणि यूव्हीच्या थोड्याशा मात्रेनेही ते निकामी होतात. विषाणूंचे, विशेषतः सर्दी-जुलाबासारखे आजार करणाऱ्या ॲडिनोव्हायरसचे, तसे नाही. त्याचा डीएनए दुपदरी असल्यामुळे किरणांनी एका पदराची मोडतोड केली तरी तो ज्या पेशीत शिरतो तिच्याच दुरुस्ती-यंत्रणेकडून ती भरून काढू शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2006 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी केलेल्या नियमात क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी 99.9 टक्के निकामी करण्यास 12 मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर एवढी मात्रा दिली आहे, तर विषाणू 99.99 टक्के निकामी करण्यास तब्बल 186, आणि हा आकडा ॲडिनोव्हायरस गृहीत धरूनच काढलेला आहे. आमच्या पुरवठादाराच्या माहितीपत्रकात मात्रा 40 लिहिली आहे. त्याच नियमातील तक्त्याच्या हिशेबाने एवढ्या मात्रेत ॲडिनोव्हायरसचा साधारण एक तृतीयांश भाग शाबूत राहतो.

शिवाय ते 40 तरी प्रत्यक्षात मिळतात का, हीच मला मोठी शंका आहे. पत्रकातील आकडा स्वच्छ पाण्यासाठी असावा असे दिसते. आमचे पाणी किंचित पिवळसर असते, पावसाळ्यात गाळणीतून बारीक गाळही पुढे येतो, आणि त्या कणांच्या आड लपलेल्या विषाणूपर्यंत किरण पोहोचत नाहीत. दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झ नळीवर पांढरा थर चढलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि ती शेवटची कधी पुसली याची नोंद ऑपरेटरकडे नाही.

जाणकारांनी पुढील बाबतीत मार्गदर्शन करावे ही विनंती.

पाण्यातून अतिनील किरण किती टक्के आरपार जातात, हे मोजून घेऊन त्यावरून खरी मात्रा काढता येते का, आणि त्यासाठी नमुना कसा व केव्हा घ्यावा?

विषाणूंच्या तपासणीसाठी एका प्रयोगशाळेने पीसीआर सुचवली आहे. परंतु पीसीआर जनुकीय द्रव्याचा छोटा तुकडा शोधते. यूव्हीने निकामी झालेल्या विषाणूतही तो तुकडा बहुधा शाबूत असतो, त्यामुळे निष्कर्ष ‘आढळला’ आला तरी तो विषाणू संसर्ग करू शकतो की नाही हे कळणार नाही. पेशीसंवर्धन, म्हणजे जिवंत पेशींत विषाणू वाढवून पाहणे, आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्याऐवजी यूव्हीच्या आधीच्या आणि नंतरच्या पाण्यातील कोलिफाज (कोलिफॉर्म जीवाणूंना लागण करणारे विषाणू) मोजले तर निदान काही अंदाज येईल का? महाराष्ट्रात ही चाचणी खासगी नमुन्यांवर कोण करून देते?

तिसरी गोष्ट मला सर्वांत निकडीची वाटते. यूव्हीनंतर क्लोरीनची थोडी मात्रा पुन्हा सुरू करावी, असे मी समितीला सुचवणार आहे. कारण ॲडिनोव्हायरस मुक्त क्लोरीनने सहज निकामी होतो, आणि यूव्हीचा परिणाम पुढे टाकीत व नळांत टिकत नाही, तसा क्लोरीनचा टिकतो. मात्र आमच्या पाण्यात अमोनिया शिल्लक असेल तर मुक्त क्लोरीनऐवजी क्लोरामाइन तयार होईल, जे विषाणूंवर बरेच दुबळे पडते. मग आधी एसटीपीचे वायुवीजन सुधारून अमोनिया कमी करावा लागेल का?

समितीची बैठक येत्या रविवारी आहे. तोपर्यंत तुषार बंद ठेवून ठिबकने पाणी द्यावे, एवढी मागणी मी आजच लेखी देत आहे. कोणाला गेल्या सहा महिन्यांचे बीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचे मोजमाप), टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण) आणि अमोनियाचे आकडे हवे असतील तर ते येथे देईन.