बालवाडीच्या ताईंनाही सरकारी निवड परीक्षा असावी का?

परळची आई
माझी मुलगी महापालिकेच्या शाळेत पहिलीत आहे. तिच्या बाई टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (भरतीसाठीची अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी), दोन्ही चाळण्यांतून पार होऊन पवित्र पोर्टलच्या, म्हणजे सरकारच्या शिक्षकभरती संकेतस्थळाच्या यादीतून आल्या. त्याच इमारतीत तळमजल्यावर बालवाडी भरते. तिथल्या ताई संस्थेमार्फत, मानधनावर. त्यांना कोणी निवडलं, काय बघून निवडलं, कुणालाच सांगता येत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानलाय. मग त्याच टप्प्यात, एका जिन्याच्या अंतरावर, दोन न्याय का? बालवाडीसाठीही जाहिरात काढा, परीक्षा घ्या, गुणांची यादी लावा. आणि निवड झाली की पगारही शिक्षकाचा द्या.

भांडुपची बालवाडीताई
चौदा वर्षं झाली मला या कामात, म्हणून राहवत नाही. टेटमध्ये दोन तासांत २०० प्रश्न सोडवायचे असतात, १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आकृत्या. आता माझा जूनमधला पहिला आठवडा बघा. पंचवीस मुलं, त्यातली निम्मी दाराशी आईचा पदर धरून रडतायत. एक घरी भोजपुरी बोलतो, एक तेलुगू, एकीला शू लागली हे सांगायचाही शब्द माहीत नाही. तिला मांडीवर घेऊन बाकीच्यांना गाण्यात गुंतवायचं. हे कुठल्या पर्यायावर खूण करून कळणार?

दुसरं, १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलीय, त्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचंय. माझ्या ओळखीच्या एक बाई वीस वर्षं पहिलीला शिकवतायत. आता रात्री स्वयंपाक आवरून प्रश्नसंच घेऊन बसतात. उद्या तीच पाळी आमच्यावर आणायची का?

डीएडवाला, चेंबूर
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण परीक्षा नव्हती तेव्हा काय चालायचं तेही ऐका. डीएड झाल्यावर मी एका खाजगी संस्थेत गेलो. मुलाखतीत धडा घ्यायला सांगितला नाही की फळ्यावर एक ओळ लिहायला सांगितली नाही. ‘देणगीचं काय करताय?’ हा एकच प्रश्न. आकडा ऐकून वडील जिन्यातच बसले. डिसेंबर २०१७ मध्ये पहिली टेट झाली. पुढे यादी लागली, तेव्हा माझ्या वर कोण, खाली कोण, सगळं दिसत होतं. मुंबईबाहेर जिल्हा परिषदेत लागलो, सुरुवातीला ६,००० रुपयांवर शिक्षणसेवक म्हणून राबलो, पण नोकरीसाठी कुणाच्या हातावर रुपया ठेवला नाही. गरिबाच्या मुलाला या यादीशिवाय दुसरा आधार नाही.

कुर्लेकर
यादी उघडी म्हणून खरी असतेच असं नाही. २०१९-२० ची टीईटी आठवा. पैसे घेऊन नापासांना पास केल्याच्या प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी ती परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक केली. पुढे साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांचे निकाल रद्द झाले. माझा परीक्षेला साफ विरोध आहे. बालवाडीचा बाजार अजून क्लासवाल्यांना सापडलेला नाही, तो त्यांच्या हाती देऊ नका.

डीएडवाला, चेंबूर
घोटाळा पकडला गेला तो उत्तरपत्रिका आणि गुण कुठेतरी नोंदलेले होते म्हणून. जिन्यात बसलेल्या माझ्या वडिलांची नोंद कुठे आहे?

निवृत्त मुख्याध्यापिका, दादर
ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम उभं केलं. लहान मुलांना सांभाळायला नुसती माया पुरत नाही, शास्त्र शिकावं लागतं, हाच त्यांचा आग्रह. म्हणून कसोटी नको हे मला पटत नाही. फ्रान्समध्ये तीन वर्षांच्या मुलांना शिकवणारे आणि प्राथमिकचे शिक्षक एकाच स्पर्धा परीक्षेतून येतात. लेखी झाली की तोंडी असते, आणि नेमणूक झाली की दर्जाही एकच. आपण मात्र गुणांवर थांबतो. मी नव्या शिक्षिकेला पहिल्या दिवशी गोष्ट सांगायला लावायची. मुलं सरकत पुढे येतात की खिडकीबाहेर बघतात, दहा मिनिटांत कळायचं.

कुर्लेकर
आणि त्या दहा मिनिटांचे गुण कोण देणार, बाई? तिथेच वशिला शिरतो. मुलाखतीतून देणगी आली, हे वर त्यांनीच सांगितलंय.

निवृत्त मुख्याध्यापिका, दादर
परीक्षक दुसऱ्या विभागातले आणा, तिघं ठेवा, पाठाचं चित्रीकरण करा. धोका आहे, मान्य. पण त्या भीतीनं मुलांना एकदाही न दाखवता बाई निवडणं मला जास्त धोक्याचं वाटतं.

परळची आई
ताई, तुमचा जूनचा आठवडा वाचून मी एक मुद्दा मागे घेते. आज काम करणाऱ्यांना लेखी नको. त्यांचा वर्ग बघावा, कमी पडेल तिथे प्रशिक्षण द्यावं. नव्या भरतीला मात्र लेखी आणि पाठ दोन्ही हवेत, यावर मी ठाम आहे.

भांडुपची बालवाडीताई
वर्ग बघायला कधीही या, न सांगता या. पण आधी पगाराचा कागद निघू दे. मानधन तेच ठेवून वर परीक्षा लावली, तर चांगली मुलगी पास होईल आणि दुसऱ्या महिन्यात दुसरी नोकरी बघेल. मग दाराशी रडणाऱ्या त्या पंचवीस मुलांना परत नव्या बाई.